अनुभव धागा: बातमीतला आकडा तुम्ही कसा वाचता?

मराठवाड्याची बातमी म्हणजे पाणी, पाऊस, बाजारभाव, दुष्काळ. आणि सगळीकडे आकडे. बातमी किंवा पुस्तक वाचताना नेमकं काय तपासता, ते लिहा. 'पेपरवाले विकले गेलेत' एवढंच म्हणायचं असेल तर दुसरा धागा काढा.

गोदाकाठ:
जायकवाडीची छापून येते ती टक्केवारी बहुतेक वेळा जिवंत साठ्याची, म्हणजे वापरता येणाऱ्या पाण्याची असते. नाथसागराची (जायकवाडीचा जलाशय) एकूण क्षमता 2909 दलघमी (दशलक्ष घनमीटर), जिवंत साठा 2171, उरलेला 738 मृतसाठा, म्हणजे दरवाजांच्या पातळीखालचं पाणी. म्हणजे 'धरण शून्यावर' अशी बातमी आली तरी आत 26 टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास पाणी असतं. एकाच दिवशी दोन पेपरांत दोन आकडे दिसले तर एकाने एकूण साठा धरलाय का, ते आधी बघा. विसर्गाच्या बातमीत तर निम्मी माहितीच गायब असते. 11,574 क्युसेकने (सेकंदाला इतके घनफूट) सलग 24 तास पाणी आलं की 1 टीएमसी होतं. 'वरच्या धरणांतून 20 हजार क्युसेक सोडले', पण किती तास? ते दिलं नसेल तर जायकवाडीत किती भर पडणार ते सांगता येत नाही. वाटेत मुरतं ते वेगळंच.

मोंढा:
सोयाबीनच्या मथळ्यात जवळजवळ नेहमी कमाल दर असतो. बाजार समितीच्या तक्त्यात आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे रकाने असतात. वाचायचा तो सर्वसाधारण, तोही आवकेसोबत. कमाल दर बियाण्याच्या प्रतीच्या दोन-चार क्विंटलला मिळालेला असू शकतो. मुहूर्ताच्या सौद्याचा भाव तर हारतुऱ्यांचा भाव, तो सोडूनच द्या. हमीभावाशी तुलना असेल तर हंगाम बघा: 2024-25 ला 4,892 रुपये होता, 2025-26 ला 5,328. शिवाय हमीभाव 12 टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या मालाला. काढणीनंतर लगेच आलेला ओला माल त्यात बसत नाही.

पर्जन्यमापक:
'सरासरीच्या 110 टक्के पाऊस' हे आजच्या तारखेपर्यंतच्या सरासरीशी की पूर्ण पावसाळ्याच्या? दोन्ही छापतात. आणि जिल्ह्याची सरासरी बघून काही कळत नाही. अतिवृष्टी महसूल मंडळावर (तालुक्यातला काही गावांचा गट) ठरते, 24 तासांत 65 मिमी. एक मंडळ वाहून जातं, शेजारचं कोरडं. सरासरीत दोन्ही सुखी.

त्रैराशिक:
मोठा आकडा दिसला की माणसांनी भागा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत 10 वाघिणी (टाकीचे डबे), साधारण 5 लाख लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3.8 लाखांच्या वर, म्हणजे माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढे 50 वाघिणींची गाडी, 25 लाख लिटर, माणशी साडेसहा. फोटोत मात्र दोन्ही गाड्या सारख्याच लांब वाटतात.

गोदाकाठ:
@त्रैराशिक, गाडी रोज येत होती की दिवसाआड, हेही भागाकारात घ्यावं लागेल.

नोंदवही:
शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत स्रोत न बघता तुलना करू नका. महसूल विभागाच्या यादीत मदतीला पात्र, अपात्र आणि चौकशी प्रलंबित असे प्रकार असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजतो. एका वर्षीचा आकडा इथून, दुसऱ्या वर्षीचा तिथून घेऊन 'वाढ' किंवा 'घट' दाखवलेली असते. प्रलंबित प्रकरणं नंतर सरकतात, त्यामुळे जानेवारीतली बातमी आणि जूनमधली बातमी जुळत नाही. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही.

जुनी आवृत्ती:
पुस्तकांचं थोडक्यात. जिल्ह्यांचे जुने आकडे उतरवून घेताना सीमा बघा. 1982 च्या आधीच्या उस्मानाबादमध्ये लातूर आहे, 1999 च्या आधीच्या परभणीत हिंगोली. 'परभणीचं क्षेत्र घटलं' असा निष्कर्ष छापलेला सापडतो तो यामुळेच. हैदराबाद मुक्तीवरचं पुस्तक असेल तर पहिल्या आवृत्तीचं साल शोधा, पुनर्मुद्रणाचं नाही. मग एकच तळटीप निवडून मूळ साधनापर्यंत जा. ती दुसऱ्या पुस्तकाकडे, ते तिसऱ्याकडे आणि तिसरं पुन्हा पहिल्याकडे बोट दाखवत असेल, तर त्या प्रकरणातले बाकीचे आकडे पेन्सिलीने खुणा करून ठेवा.