गूढ शब्दकोडं: अद्भुत गोष्टींतली पात्रं, अडलेली शोधसूत्रं

सीताबर्डी_आडवेउभे यांचा प्रश्न

वाचनालयाच्या फलकावर लागलेल्या गूढ कोड्याचा या वेळचा विषय आहे अद्भुत गोष्टींतली पात्रं. गूढ कोड्यात सूत्राचा एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो, म्हणजे व्याख्या, आणि बाकीचा भाग अक्षरांचा खेळ असतो. अरबी रात्री, लोककथा, पुराणं, जंगल बुक, सगळं चालतं. कंसातला आकडा अक्षरांचा.

१) सिंदखेडची पहिली जोडी बाद, सात सफरींचा खलाशी (४)
२) वेळेत तारीख थोडक्यात घेऊन प्रश्न टाकणारा (३)
३) सुमो गलीत अडकली, आत लांडग्यांनी वाढवलेला पोरगा (३)
४) बगीच्यातला चा सोडून थोडक्यात राहणार काळा बिबट्या (३)
५) काहून अजगर (१)
६) सुरुवातीचा काना मोडून आला दिवस, चिनी पोरगा (४)
७) ऐकायला इच्छा नाही, तेल ओतणारी दासी (३)
८) दानशूर, शेवटी मोठी बहीण (५)

पहिलं सुटलं: सिंदखेडची पहिली दोन अक्षरं सिं-द, त्याला क्रिकेटमधलं ‘बाद’ जोडलं की सिंदबाद. आठव्याचं उत्तर हातिमताई असणार, पण ते अंदाजाने आलं, सूत्रातून निघत नाही. बाकीची फोडायची कशी? दुसऱ्यात ‘वेळेत’ची अक्षरं घेऊन बघितली, काही होत नाही. सहाव्यात चिनी पोरगा कोण? आणि पाचव्यात एका अक्षराचं पात्र म्हणजे छपाईची चूक ना?

---

धंतोलीचा_कोपरा

छपाईची चूक नाही भाऊ, पाचवं तर सगळ्यात सोपं आहे. ‘काहून’ला पुण्या-मुंबईकडे काय म्हणतात? ‘का’. जंगल बुकातला अजगर का. चौकटीच्या कोड्यात एका घराचं उत्तर बसत नाही, सुट्या सूत्रांत मात्र चालतं.

आता ‘वेळेत’. इंग्रजी गूढ कोड्यात ‘आत’, ‘बाहेर’, ‘शिवाय’ असे इशारे वेगळे शब्द म्हणून येतात. मराठीत तोच इशारा बऱ्याचदा प्रत्यय होऊन शब्दाला चिकटलेला असतो, आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलतो. ‘वेळेत’मधला ‘त’ म्हणजे ‘च्या आत घाला’ हा हुकूम. तो सोलून काढा, सामान्यरूप मूळ रूपावर आणा, म्हणजे हाताला ‘वेळ’ लागतं. तारीख थोडक्यात म्हणजे ‘ता.’. वे + ता + ळ. उरली व्याख्या ‘प्रश्न टाकणारा’. वेताळ.

तुम्ही ‘वेळेत’ची वे-ळे-त ही अक्षरं जशीच्या तशी वापरत होता, म्हणून अडलं. सूत्र वाचताना आधी प्रत्येक नामाचा प्रत्यय बाजूला लिहून काढा. ‘-त’, ‘-मध्ये’ असेल तर पोटात घालणं, ‘-विना’ किंवा ‘सोडून’ असेल तर वगळणं, ‘-ऐवजी’ असेल तर अदलाबदल, ‘-पुढे’ असेल तर जोडणं. ‘-चा, -ची, -चे’ साधारणपणे ‘यातला तुकडा घ्या’ असं सांगतात, तुमच्या सिंदखेडसारखे. कधी कधी प्रत्यय नुसता वाक्य गुळगुळीत करायला असतो. तो कधी कामाचा आणि कधी सजावटीचा, हे अक्षरांच्या आकड्यावरून ठरतं.

चौथं याच्याच पुढचं. ‘बगीच्यातला’ सोललं की बगीचा. त्यातला ‘चा’ सोडला, उरलं ब-गी. थोडक्यात राहणार म्हणजे पेपरात येतं तसं ‘रा.’: रा. धंतोली, रा. महाल. बगी + रा, बगीरा. इथे ‘चा’ हा गावाकडचा चहा असं वाटायला लावलंय, खरं तर तो नुसता एका अक्षराचा तुकडा आहे.

‘थोडक्यात’ दिसलं की पत्त्याचं पाकीट आणि शब्दकोश आठवा: मु., पो., ता., जि., रा., कि., क्र., वि., ना. यातला ‘ता.’ तारीख आणि तालुका दोन्हीकडे जातो, म्हणून रचणाऱ्यांचा लाडका. शिवाय एकाक्षरी शब्दांची एक यादी जवळ असू द्या: गो (गाय), भू, धी (बुद्धी), ख (आकाश), श्री, आणि सा रे ग म प ध नी.

तिसऱ्यात काही जोडायचं-तोडायचं नाही. ‘सुमो गलीत’ सलग वाचा, मधली जागा विसरा: सु-मो-ग-ली-त, पोटात मोगली. ‘आत’ हा इशारा. असं लपवलेलं सूत्र ओळखायची खूण म्हणजे वाक्यात एखादा शब्द उगाच आल्यासारखा वाटतो. गाडी सुमोच काहून पाहिजे, बोलेरो काहून नाही? कारण ‘मो’ हवा होता. हे पात्र नागपूरच्या कोड्यांत वारंवार येतं, कारण १८९४ च्या जंगल बुकातलं जंगल सिवनीच्या डोंगरांतलं, म्हणजे आपल्या जबलपूर रस्त्यावरचं. व्याख्या ‘सिवनीचा पोरगा’ अशी आली तरी गोंधळू नका.

---

महालातला_श्लेष

सहावं आणि सातवं घेतो.

‘आला’ मधला सुरुवातीचा काना मोडला की ‘अला’. दिवस म्हणजे ‘दिन’. अलादिन. ‘सुरुवातीचा’ हा शब्द जास्तीचा नाही. ‘आला’त दोन काने आहेत, नुसतं ‘काना मोडून’ लिहिलं असतं तर ‘आल’ही निघालं असतं आणि सोडवणारा आल्याच्या चहात अडकला असता. रचणाऱ्याने इथे काळजी घेतली आहे.

‘चिनी पोरगा’ पाहून लोक बिचकतात, पण व्याख्या अगदी बरोबर आहे. मूळ गोष्ट चीनमधल्या शहरात घडते, बगदादमध्ये नाही. याच कारणाने ‘जुन्या अरबी पोथीतला’ अशी व्याख्या अलादिनला लावली तर मी ती चूक धरीन. अलादिन आणि अलीबाबा दोन्ही गोष्टी आंत्वान गालाँच्या फ्रेंच भाषांतरातून (१७०४ ते १७१७) अरबी रात्रींच्या संग्रहात आल्या. अलेप्पोच्या हन्ना दियाबने त्या गालाँला तोंडी सांगितल्या होत्या. व्याख्या लिहिताना पात्राची माहिती तपासावीच लागते. वेताळाचं झाडही तसंच. पिंपळ, चिंच असं काहीही लिहिलेलं दिसतं, कथासरित्सागरात ते शिंशपा आहे. शंका असेल तर नुसतं ‘झाड’ लिहावं.

सातवं म्हणजे ‘मर्जी ना’, उत्तर मर्जिना. जी दीर्घ, जि ऱ्हस्व, म्हणून हे ‘ऐकायला’ या इशाऱ्याशिवाय लिहिताच आलं नसतं. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पडत असेल तर सूत्र कानाचं करा, नाहीतर टाकून द्या. अलीबाबासाठी कोणी ‘अलिबाग’ वापरलं की तेच होतं: लि आणि ली वेगळी घरं, वेगळी अक्षरं. ‘थोडंसं चालतं’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांची कोडी सोडवत नाही.

आणि नावाचं लेखन. मर्जिना तीन घरं, मरजिना चार. परक्या नावांना प्रमाण लेखन नसतं, म्हणून कंसातला आकडा हाच न्यायाधीश. उत्तर बरोबर वाटतंय पण एक घर कमी पडतंय, तर आधी जोडाक्षर सोडवून बघा.

आठव्याबद्दल तुमची तक्रार रास्त आहे. ‘ताई’चा हिशेब लागतो, ‘हातिम’ची तीन अक्षरं हवेत. गूढ सूत्रात उत्तरातल्या प्रत्येक अक्षराचा पत्ता लागला पाहिजे. हे असं करता येईल:

अतिमहान, दोन्ही टोकं छाटून हलवला, शेवटी मोठी बहीण असा दानशूर (५)

अ आणि न गेले, उरलं ति-म-हा, हलवून हा-ति-म, पुढे ताई.

---

सीताबर्डी_आडवेउभे

प्रत्यय सोलायची गोष्ट लक्षात आली, त्याच हिशेबाने मागच्या महिन्याची दोन सुटली. आता उलट बाजूने विचारते. अक्षरं हलवून सूत्रं रचायची तर संकेतस्थळांवरची उलटापालट करणारी साधनं मराठी नावांचा चुरा करतात. ‘मर्जिना’ उलट करायला दिलं तर भलतंच काही येतं. हातानेच करायचं का?

---

वर्धारोड_चौकट

हातानेच, ताई. कारण सांगतो. संगणक घरं मोजत नाही, चिन्हं मोजतो. ‘मर्जिना’ त्याच्या लेखी सात चिन्हं आहेत: म, र, हलन्त, ज, वेलांटी, न, काना. उलट केलं की काना सगळ्यात पुढे येतो आणि वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसते. आपल्याला हवं ना-र्जि-म. स्प्रेडशीटमधलं लांबी मोजणारं फंक्शनही याच कारणाने ‘वेताळ’ पाच सांगतं. प्रत्येक अक्षर वेगळ्या रकान्यात टाकून मग रकाने हलवले तर संगणकाचीही मदत होते. साधा उपाय म्हणजे कागदाच्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक पूर्ण अक्षर, मात्रा-अनुस्वारासकट. चंद्रकांताच्या चारच चिठ्ठ्या: चं, द्र, कां, ता.

मात्रा अक्षराला चिकटलेली असल्यामुळे मराठीत हलवून अर्थ लागणारी नावं थोडी. तीन-चार अक्षरांच्या पुढे सरळ हलवणं मिळेल अशी आशा धरू नका, आधी काहीतरी वगळा, मग हलवा. वर हातिमताईत तेच केलंय. आणखी एक:

सासुरवास वास सोडून ढवळला, हनुमानाला अडवणारी (३)

सा-सु-र ढवळून सुरसा. सा हा सा-च राहिला, सु हा सु-च. कुठेही मात्रा सुटी झालेली नाही, म्हणून हे चालतं. ‘सा’चं ‘स’ करायचं असेल तर काना मोडल्याचं सूत्रात सांगावं लागेल.

चौकट आखताना त्रास वेगळ्या ठिकाणी होतो. आडव्या-उभ्या शब्दांचं सामाईक घर मात्रेसकट जुळावं लागतं. मर्जिनाच्या र्जि वर उभा शब्द सुरू करायला गेलात तर संपलंच, रफाराने सुरू होणारा शब्द कुठून आणणार? छेद म, र, स, न, क अशा साध्या अक्षरांवर ठेवा आणि मात्रावाली अक्षरं मोकळ्या घरांत जाऊ द्या. त्यामुळे आपल्या चौकटीत काळी घरं जास्त दिसतात, त्याची लाज वाटून घेऊ नका.

---

कर्वेरोड_पुणे

आक्षेप. तिसऱ्यात ‘गली’ कसं चालेल? मराठीत गल्ली. ल्ली धरली तर मोगल्ली होतो.

---

महालातला_श्लेष

साहेब, बर्डीवर उभं राहून ऐका एकदा, ‘गली’ खूप ऐकू येईल. तरी आक्षेप नोंदवून घेतो: कोडं नागपूरच्या फलकापुरतं ठीक, बाहेर पाठवायचं तर बदलावं. पर्याय म्हणून ‘डेमो गलिच्छ’ सुचेल, पण त्यात लि ऱ्हस्व, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. ‘मोगल’ घेऊन शेवटच्या अक्षराला दीर्घ वेलांटी द्या: ‘बादशहाला शेवटी दीर्घ वेलांटी, लांडग्यांचा पोरगा (३)’. दिसायला तितकं मजेदार नाही, पण पुण्यातही सुटेल.

---

धंतोलीचा_कोपरा

ताई, सरावाला चार देऊन ठेवतो. पहिलं सोपं आहे, रामटेकला जाऊन आलेल्याला तर फारच.

क्षय उलटला, रामगिरीचा विरही (२)
जुनं वजन आणि पठाण, लंगडा वाघ (४)
मोडला की बातमी, खांद्यावर प्रेत घेतलं की गोष्ट (३)
शहरासाठी जादा गाडी, शेवटचा काना न लावता रात्रभर गोष्टी सांगणारी (५)

चौथ्यात ‘शहरासाठी’ सोलायचं आहे आणि ‘गाडी’ नुसती सजावट आहे. जाणकार याला दोष धरतील.

---

सीताबर्डी_आडवेउभे

यक्ष, शेरखान, विक्रम, शहरजाद. चौथ्यातली गाडी काढून ‘शहर जादा, शेवटचा काना न लावता’ केलं तर सजावट उरत नाही. आणि पहिलं उभ्या शब्दाला द्यायचं तर ‘उलटला’च्या जागी ‘वर चढला’ लिहावं म्हणते, क्षय वर चढला.