शाळेच्या बातमीपत्राला ताजी बातमी आणायची कुठून? तुमचे अनुभव सांगा

पीजेचा प्रवासी
लेक आठवीत. शाळेत दर शनिवारी मुलंच मोबाइलवर पाच मिनिटांचं बातमीपत्र करतात. यंदा बातम्या शोधायचं काम हिच्याकडे. काल रात्री वही घेऊन बसली आणि रडकुंडीला आली. "पप्पा, जयंती आणि वृक्षारोपण सोडून आमच्या शाळेत काही घडतच नाही."

मला जामनेरचा परिपाठ आठवला. मी बातम्या वाचायचो, म्हणजे पेपरातले मथळे उतरवून. दिल्ली, मुंबई, क्रिकेट. एकदा पेपरच आला नाही. समोर सगळी शाळा, घशाला कोरड. ठोकून दिलं, "काल पाचोऱ्याहून येणारी पीजे शेंदुर्णीच्या पुढे थांबली, कारण रुळावर म्हैस बसली होती." खरंच बसली होती. पीजे म्हणजे आमची पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, मी गाडीत होतो. पहिल्यांदाच शेवटची रांगसुद्धा गप्प! नंतर हेडसर म्हणाले, "म्हैस कोणाची, ते नाही विचारलं?"

(पीजे २०२० पासून बंद आहे, तो वेगळा धागा होईल.)

लिहा तुमचं. लेकीला दाखवतो.

शेंदुर्णीची माहेरवाशीण
म्हैस आमच्या काकांची नसली म्हणजे मिळवलं 😂

केळीबाग
आमच्याकडे रावेरला नववीतल्या एका पोरीने भारी केलं होतं. पेपरातला केळीचा बोर्ड भाव, म्हणजे जाहीर झालेला दर, एका रकान्यात, आणि वर्गातल्या बारा जणांच्या घरी व्यापाऱ्याची कटती (कपात) जाऊन हातात काय पडलं ते दुसऱ्यात. बाराच्या बारा घरी कमी. कर्ण्यावर वाचलं. संध्याकाळी एक व्यापारी सरांच्या दारात. पुढच्या आठवड्यात सर म्हणे, चिमण्यांवर करा बातमी.

तापीकाठ
मग केली का चिमण्यांवर?

केळीबाग
केली ना भो. चिमण्या त्याच्याच वखारीत होत्या.

खडू_फळा
मी शिक्षिका आहे, घाईत लिहितेय, कुकर लावलाय. वर्गात बुटाचं खोकं ठेवलं, 'बातमीची पेटी'. पहिल्या आठवड्यात निम्म्या चिठ्ठ्या 'अमक्याने माझा डबा खाल्ला'. एक मात्र निघाली, 'हापसा तीन दिवस बंद, मुली घरून पाणी आणतात'. पोरांनी दांडा हलवून त्याचा कोरडा आवाजच रेकॉर्ड केला. बाकी काही बोललेच नाहीत. सोमवारी दुरुस्तीवाला हजर! मुलांना विषय विचारू नका, कालपासून काय बदललं ते विचारा. शिट्टी झाली, येते.

भुसावळचं ऊन
एप्रिलमध्ये प्रयोगशाळेतली तापमापी घेऊन फिरलो होतो आम्ही. पत्र्याच्या वर्गात एकदा, निंबाखाली एकदा. आकडे वाचून दाखवले तर दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग निंबाखाली जाऊन बसला, मास्तरांसकट. घरी वडील रेल्वेत, त्यामुळे कोणती गाडी किती लेट हे माझ्याकडे रोज ताजं असायचं, पण ती बातमी कोणाला नको असायची. भुसावळात गाडी लेट ही काय बातमी!

अमळनेरकर
साने गुरुजी आमच्या गावी छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे. रोज! ना कर्णा, ना मोबाइल. आणि आपल्याला शनिवारचं एक जमेना.

आम्ही धुळ्याचे
आजीले इचार म्हणा लेकीले, तिले बठ्ठं माहीत ऱ्हास. पुतण्याने कानबाईच्या सणाच्या रोटांवर केलं होतं. आजी अहिराणीत बोलली आणि शाळेतल्या बाई म्हणाल्या, प्रमाण मराठीत पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा आजी अशी बोलली जणू तहसीलदारासमोर जबाब देतेय. शेवटी पहिलंच लावलं.

तापीकाठ
रोटांवरून आठवलं, कळण्याची भाकरी आणि भरीत कोणी खाल्लं का एवढ्यात? पुण्यात वांगीच मिळत नाहीत आपली.

केळीबाग
थंडी पडू दे, ये मळ्यात. काड्यांवर भाजू.

शेंदुर्णीची माहेरवाशीण
मलापण!! वांगी मी आणते.

पीजेचा प्रवासी
लेकीने सगळं वाचलं. हापसा आवडला, पण शाळेत फिल्टर बसलाय. खोकं मात्र शोधतेय, माझ्या नवीन बुटांचं. आणि आता मागे लागलीय, "पप्पा, म्हैस खरंच कोणाची होती?"

शेंदुर्णीची माहेरवाशीण
थांबा, काकांना फोन लावते.