फर्स्ट अँगलमध्ये साइड व्ह्यू उलटा का येतो?

प्रश्न:
इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये फर्स्ट अँगल पद्धतीने (व्ह्यू मांडायच्या दोन पद्धतींपैकी एक) एका ब्लॉकचे व्ह्यू काढतोय. एल आकाराचा ब्लॉक आहे : लांबी ६०, खोली ४०, उंची ४५ (सगळं मिमीमध्ये). तळ १५ जाड, डाव्या टोकाला २० रुंद उभा भाग, आणि त्या उभ्या भागाची पुढची वरची कड १५ × १५ तिरकी कापलेली. फ्रंट आणि टॉप व्ह्यू जमतात. डावीकडून पाहिलेला साइड व्ह्यू काढताना मात्र तिरका काप कधी डावीकडे येतो, कधी उजवीकडे. शिवाय १५ उंचीवरची, म्हणजे तळाच्या वरच्या पृष्ठभागाची रेघ सलग (दिसणारी कड) की तुटक (झाकलेली कड)?

उत्तर १:
फर्स्ट अँगलमध्ये वस्तू ही बघणारा आणि प्रतल (ज्यावर चित्र पडतं तो सपाट पृष्ठभाग) यांच्या मध्ये असते. डावीकडून बघितलं की चित्र पलीकडच्या प्रतलावर पडतं, म्हणून ते फ्रंट व्ह्यूच्या उजवीकडे. त्याच न्यायाने टॉप व्ह्यू खाली.

आता एवढं पक्कं धरा : वस्तूची पुढची बाजू टॉप आणि साइड, दोन्हींत फ्रंट व्ह्यूपासून लांबच्या कडेला येते. म्हणजे तुमचा काप साइड व्ह्यूच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात. थर्ड अँगलमध्ये (दुसरी पद्धत, जिथे प्रतल बघणारा आणि वस्तू यांच्या मध्ये असतं) हीच बाजू जवळच्या कडेला येते.

१५ ची रेघ तुटक. डावीकडून बघताना तळाचा पृष्ठभाग ४५ उंच भागाच्या मागे झाकला जातो. उजवीकडून पाहिलात तर तीच रेघ सलग.

उत्तर २:
टॉप व्ह्यूतली खोली साइड व्ह्यूत नेण्यासाठी जी ४५ अंशांची रेघ काढतात, ती कुठून आणि कुठल्या दिशेने काढता, तेही तपासा. टॉप व्ह्यूची मागची, म्हणजे वरची कड उजवीकडे वाढवा. साइड व्ह्यूची मागची, म्हणजे डावी कड खाली वाढवा. दोन्ही छेदतात तिथून रेघ उजवीकडे खाली न्यायची. ती उजवीकडे वर गेली की खोली ४० च राहते, पण व्ह्यू आरशातल्यासारखा उलटतो. मापं जुळत असल्याने चूक लक्षातच येत नाही! ब्लॉक पुढून-मागून सारखा असता तर ती मुळीच दिसली नसती.

प्रश्नकर्ता:
रेघ वरच जात होती. साइड व्ह्यूत ३० उंचीवर, म्हणजे काप खाली जिथे संपतो तिथे, आडवी रेघ लागेल का?

उत्तर १:
नाही. तो काप तिथे कडेवरून दिसतो, फक्त तिरकी रेघ. फ्रंट आणि टॉपमध्ये मात्र २० × १५ चा आयत. खरा आकार यातल्या कुठल्याच व्ह्यूत नाही. तो २० × २१.२ आहे, आणि २१.२ ही लांबी साइड व्ह्यूतल्या तिरक्या रेघेवर मोजता येते.