युद्धातील साहसकथा मुलांना सांगायच्या, तर कोणत्या खऱ्या घटना निवडाव्यात?

गुहागरचा वाचक:
आमच्या गावच्या वाचनालयात 4 डिसेंबरला, नौदल दिनी, सातवी-आठवीच्या मुलांना सैनिक, खलाशी आणि वैमानिक यांच्या युद्धकाळातील साहसकथा सांगायचे ठरले आहे. हाताशी असलेल्या बहुतेक कथांत नायक गर्जना करतो आणि शत्रू पळून जातो. त्याच्या हातात काय होते, तो कुठे अडला आणि त्यातून कसा सुटला, याचा पत्ताच लागत नाही. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मालवाहू आगबोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे, होते. रात्री डेकवर विडीसुद्धा पेटवू देत नसत, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत, आणि सांगताना बोटांतली विडी न पेटवता तशीच खाली ठेवत. असे बारकावे असलेल्या खऱ्या घटना, शक्यतो आपल्या किनारपट्टीशी नाते असलेल्या, कृपया सुचवाव्यात.

माणगावकर:
सुरुवात नाईक यशवंत घाडगे यांच्यापासून करावी, असा माझा आग्रह आहे. ते आमच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. ते एकटेच त्या मोर्च्यावर धावून गेले, हातबॉम्बने त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही निकामी केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला वेळच नसल्यामुळे तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून, एकट्याने जिंकलेल्या त्याच मोर्च्यात त्यांनी प्राण सोडले. तेव्हा ते 22 वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मॅगझिन संपते त्या ठिकाणी आपण थांबावे आणि मुलांनाच विचारावे की, आता काय करायचे? माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुलांना एकदा अवश्य घेऊन यावे.

कारवारहून:
आमच्याकडच्या चेंडिये गावचे राम राघोबा राणे यांना विसरू नये. एप्रिल 1948 मध्ये, काश्मीरच्या युद्धात, जम्मू भागातील नौशेरा ते राजौरी रस्ता सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडवलेला होता, आणि रणगाड्यांसाठी तो मोकळा करण्याचे काम बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातील या सेकंड लेफ्टनंटकडे होते. गोळीबारातून पुढे जाण्यासाठी ते रणगाड्याखाली सरपटत शिरले आणि त्याच्याबरोबर सरकत राहिले. एक दोरी ओढली की चालकाने थांबायचे, दुसरी ओढली की पुढे जायचे. स्वतः जखमी असूनही त्यांनी काम सोडले नाही. परमवीर चक्राचा हा मानकरी मुलांना समजावा, म्हणून बाकाखाली एकाला झोपवून दोन दोऱ्यांचा प्रयोग करून पाहावा. आमच्या शाळेत तो केला, तेव्हा अंग चाकांपासून किती सांभाळावे लागले असेल, हे मुलांना न सांगता कळले.

बंदरावरचा:
नौदल दिन आहे, तर ‘बेंगॉल’ हवीच. 11 नोव्हेंबर 1942 रोजी हिंदी महासागरात रॉयल इंडियन नेव्हीची ही कॉर्व्हेट, म्हणजे छोटी युद्धनौका, ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत होती, तेव्हा दोन मोठी सशस्त्र जपानी जहाजे चालून आली. ‘बेंगॉल’वर मुख्य तोफ एकच, 12 पौंडी; तरीही तिने पळ न काढता त्यांच्याच दिशेने मोहरा वळवला. ‘होकोकू मारू’ हे जपानी जहाज बुडाले, आणि ‘ओंडिना’ बुडाली असे समजून ‘बेंगॉल’ दिएगो गार्सियाला पोहोचली, तर ‘ओंडिना’ही ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलला सुखरूप लागली.

डोंबिवलीतून, मूळ राजापूर:
वैमानिकांत दिलीप परुळकर, 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेत पडलेले भारतीय हवाई दलाचे वैमानिक. ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीची भिंत फोडून ते आणि त्यांचे सहकारी वैमानिक ग्रेवाल व हरीश सिंहजी निसटले, अफगाण सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोहोचले, आणि तेथे लंडी खाना स्थानकाची वाट विचारल्यामुळे पकडले गेले. ते स्थानक 1932 मध्येच बंद झाले होते. धाडस फसले तरी ते धाडसच असते, हे मुलांनी ऐकायला हवे.

गुहागरचा वाचक:
सर्वांचे मनापासून आभार. आजोबांच्या विडीनंतर ‘बेंगॉल’, मग राणे, आणि शेवटी घाडगे यांची कथा त्यांच्या मृत्यूसह पूर्ण सांगेन. परुळकरांसाठी पुढचा शनिवार ठेवला आहे. राण्यांच्या प्रयोगासाठी दोऱ्या शेजारच्या रापणकर मच्छीमारांकडून आणतो.