आंबट चेरी: फळात अळी, पानगळ आणि वाळके शेंडे. एकच फवारणी करायची तर कोणती?

बागकरी
वीस झाडं, वय आठ वर्षं. पिकलेल्या फळात पांढरी अळी निघते. काढणीच्या सुमारास पानांवर जांभळे ठिपके पडून पानं पिवळी होतात, गळतात. मोहोरानंतर काही शेंडे फुलांसकट वाळलेत. एकच कीटकनाशक मारायचं तर कोणतं सुचवाल?

पानमाती
एकाने भागणार नाही. ठिपके आणि वाळके शेंडे दोन्ही बुरशीचे आहेत, त्यावर कीटकनाशक म्हणजे पैसे पाण्यात.

अळीचं म्हणाल तर आधी माशी ओळखा, कारण फवारणीची वेळ तिच्यावर ठरते. चेरी फळमाशीच्या पंखांवर गडद पट्टे असतात. ती फळ हिरव्याचं पिवळट होतानाच अंडी घालते, बहुधा एका फळात एकच अळी, आणि वर्षात पिढीही एकच. ड्रोसोफिला सुझुकी ही दुसरी, बारीक माशी; तिच्या नराच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका असतो. मादीची अंडी घालायची नळी करवतीसारखी असल्याने ती पिकत आलेल्या धडधाकट फळाची सालही चिरते. उबदार हवेत दोन आठवड्यांत नवी पिढी तयार. लिटरभर पाण्यात ६०-७० ग्रॅम मीठ विरघळवा, थोडी फळं हलकी चेपून त्यात टाका. अर्ध्या तासात अळ्या बाहेर येतात. एका फळातून तीन-चार निघाल्या तर सुझुकीचाच संशय धरा.

चिकटसापळा
फळमाशी असेल तर फळं हिरवी असतानाच अमोनियाचं आमिष लावलेले पिवळे चिकट सापळे झाडाच्या उन्हाच्या बाजूला, वरच्या फांद्यांत टांगा. सापळा पाळतीसाठी आहे, माश्या संपवायला नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. पहिली माशी चिकटली की आठवड्याभरात अंडी घालणं सुरू होतं, म्हणून फवारणी त्या आत झाली पाहिजे. अळी फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. स्पिनोसॅड या कीटकनाशकाचं आमिष चालतं, पण पावसाने धुऊन जातं. चेरीसाठी मान्यता आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, हे लेबलावर बघाच.

जाळी लावणार असाल तर फळमाशीला १.३ मिमीची पुरते, सुझुकीला १ मिमीपेक्षा बारीक लागते. परागीभवन झाल्यावरच ओढा आणि कडा मातीत दाबा. फळमाशीचे काही कोष जमिनीत दोन-तीन वर्षं पडून राहतात, त्यामुळे एका वर्षी माश्या दिसल्या नाहीत म्हणून सापळे बंद करू नका.

पानमाती
आता बुरशी. ठिपक्यांची बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते. पानगळ संपली की जमिनीवरच्या पानांवर ५ टक्के युरिया (लिटरला ५० ग्रॅम) भिजेपर्यंत मारा, पानं लवकर कुजतात. बुरशीनाशक पाकळ्या गळल्यापासून, पावसाळी हवेत १० ते १४ दिवसांनी. काढणीनंतरचा हात चुकवू नका, लवकर उघडं पडलेलं झाड थंडीत मार खातं. तांब्याचं बुरशीनाशक कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात.

वाळके शेंडे मोनिलिया बुरशीचे. मेलेल्या भागाच्या १५-२० सेंमी खाली, जिवंत लाकडात, कोरड्या दिवशी कापा. सुकून लटकलेली फळंही काढा. फुलोऱ्यात पाऊस असेल तर कळी पांढरी दिसताच बुरशीनाशक. कीटकनाशक मात्र फुलांवर अजिबात नको, मधमाश्या मरतील.

बागकरी
शेंड्याची कोवळी पानं चिकट होऊन गुंडाळलीत, मुंग्याही दिसतात. हेही त्याच बुरशीचं?

चिकटसापळा
नाही, काळा मावा. पानं गुंडाळली की फवारा आत पोचत नाही, तेव्हा आता ते शेंडे खुडून टाका. पुढच्या हंगामात कळ्या फुगताना २ टक्के बागायती तेल मारा, अंडी तिथेच गुदमरतात. तेल आणि गंधकाची फवारणी यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा, नाहीतर पानं जळतात. मुंग्यांसाठी चिकट पट्टा कागदावर लावा, सालीला थेट नको.

पडलेली फळं खतखड्ड्यात टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवा.