पावडरीपेक्षा वजन तोडण्याचं बघा
पैलवानाला दूध-बदाम बरं की प्रोटीन पावडर, यावर इथे वरती बरंच बोलून झालंय. व्यायाम करणाऱ्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं मिळाली की भागतं, मग ती म्हशीच्या दुधातून येवोत की डब्यातून. मला काळजी वाटते ती वजन तोडण्याची, म्हणजे कुस्तीआधी घाईने वजन उतरवण्याची. बेळगावजवळच्या येळ्ळूर, कंग्राळीकडे मातीत तुल्यबळ जोड बघून कुस्ती लावतात; मॅटवर मात्र वजनगट. मग खालच्या गटात बसायला पोरं वजन करायच्या आदल्या दिवशी पाणीच बंद करतात. बेळगावात किल्ला तलावाकाठी भर उन्हात स्वेटरवर रेनकोट चढवून पळणारा पोरगा मी बघितलाय. ओठ फुटलेले, थुंकायलाही तोंडात ओल नाही. यात चरबी जात नाही हो, नुसतं पाणी जातं. रक्त दाटतं, अंग तापतं, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. 1997 मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान असेच गेले, तेव्हा कुठे तिथे रबरी सूट आणि सॉनावर (घाम काढायच्या गरम खोलीवर) बंदी आली. वस्तादांनी, आणि आईवडिलांनीही, पोराला खालच्या गटात कोंबायचा हट्ट सोडावा. वजन उतरवायचंच असेल तर आठवड्याला दीड टक्क्याच्या आत, तेही पाणी न तोडता.