विषय : रमजानात आखातात नव्याने जाताना

सप्रेम नमस्कार,
माझे यजमान दुबईत नोकरीवर रुजू झाले असून मी आणि आमचा सात वर्षांचा मुलगा ऐन रमजानात मुंबईहून तिकडे जाणार आहोत. मोहम्मद अली रोडवरची मिनारा मशिदीभोवतीची गर्दी आणि मालपुवे यांपलीकडे आम्हाला या महिन्याची माहिती नाही. मुलाच्या डब्याचे काय, आणि आम्हीही दिवसभर उपाशी राहावे अशी अपेक्षा असते का, हे मंडळाच्या जुन्या सभासदांनी कृपया सांगावे.
– एक सभासद, दादर

ताई, नमस्कार.
लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही, तेव्हा डबा निर्धास्त द्यावा. तुम्हीही उपाशी राहावे असे कोणी म्हणत नाही. दुबईत उपाहारगृहांवर दिवसा पडदे लावण्याची सक्ती २०२१ मध्येच उठली. तरीही रस्त्यात किंवा कचेरीत चारचौघांत खाणे-पिणे टाळावे, कारण हा उपवास निर्जळी असतो आणि उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीवर ताव मारणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची कल्पना सहज येत नाही. मेट्रोत तर एरवीही खाण्यास मनाईच आहे.

खाण्यापिण्यापेक्षा दिनक्रम अधिक बदलतो. खासगी नोकरीत कायद्यानेच रोजचे दोन तास काम कमी होते आणि ही सवलत रोजा न धरणाऱ्यांनाही मिळते. सरकारी कामे सकाळीच उरकावीत. सूर्यास्ताआधीच्या अर्ध्या तासात गाडी काढू नये; जो तो घर गाठण्याच्या घाईत असतो, म्हणून तर स्वयंसेवक सिग्नलवर थांबलेल्या गाड्यांत खजूर आणि पाण्याच्या बाटल्या देत असतात. सूर्यास्ताला रोजा सुटल्याची तोफ झाली की रस्ते ओस पडतात, आणि तरावीहची, म्हणजे रमजानातली रात्रीची खास नमाज आटोपल्यावर बाजारात जी वर्दळ सुरू होते ती मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाही.

पंचतारांकित हॉटेलांतल्या इफ्तारच्या मेजवान्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा एखाद्या मशिदीबाहेरचा इफ्तार पाहावा. लांबलचक प्लास्टिकच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना बांगलादेशी, पाकिस्तानी, केरळी कामगार दाटीवाटीने बसलेले असतात. प्रत्येकासमोर खजूर, लबनची (ताकाची) बाटली, एखादे फळ आणि बिर्याणीचा डबा असतो, पण अजान होईपर्यंत कोणी बाटलीचे झाकणही उघडत नाही. तिथे आपल्यालाही आग्रहाने बसवून घेतात आणि धर्म कोणी विचारत नाही.
– दुबईहून परतलेला सभासद, मुलुंड

सर्वांना नमस्कार.
वरील पत्रात थोडी भर घालतो. दुबईतला सैलपणा सगळ्या आखातात गृहीत धरू नये. कुवेतमध्ये रमजानात दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाण्या-पिण्याविरुद्ध १९६८ चा कायदा आहे आणि त्यात शंभर दिनारपर्यंत दंड किंवा महिनाभरापर्यंत कैदेची तरतूद आहे. तिथे आम्ही गाडीतसुद्धा पाण्याची बाटली तोंडाला लावत नसू.

दुसरे म्हणजे, महिना एकोणतीस दिवसांचा की तीस, हे चंद्रदर्शनावर ठरते आणि आखातात ईद बहुतेक वेळा भारताच्या एक दिवस आधी येते. यजमानांना ईदच्या सुट्टीत मुंबईला यायचे असेल, तर तारीख बदलता येईल असेच तिकीट घ्यावे.
– पूर्वी कुवेतला असलेला सभासद, बोरिवली